म्हातारपण, स्मरणशक्ती आणि कीटो आहार: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वयस्कर मंडळींच्या आहाराचं काम मी बरीच वर्षं करते आहे. अलीकडे ‘कीटो आहाराने म्हातारपणी स्मरणशक्ती सुधारते का’ हा विषय हमखास निघतो. विचारणारा बहुतेक वेळा मुलगा, मुलगी किंवा सून. हातात फोन, फोनवर मध्येच थांबवलेला व्हिडिओ, आणि शेजारच्या खुर्चीत ज्यांच्याबद्दल हे बोलणं चाललंय ते आजी-आजोबा, बहुधा गप्प. तेच तेच सांगावं लागतं म्हणून उत्तरं एकदाची इथे लिहून ठेवते आहे.

कीटो म्हणजे नेमकं काय? आपल्या ताटाच्या हिशेबात सांगा.

दिवसभरात पिष्टमय आणि गोड पदार्थांतून येणारं कर्बोदक साधारण २० ते ५० ग्रॅमच्या आत ठेवायचं, प्रथिनं बेताची घ्यायची आणि उरलेली भूक तेल, तूप, लोणी, खोबरं, दाणे अशा स्निग्ध पदार्थांवर भागवायची.

५० ग्रॅम म्हणजे किती ते बघा. ५० ग्रॅम पिठाची ज्वारीची एक भाकरी म्हटली तर तिच्यातच ३५ ग्रॅमच्या आसपास कर्बोदक येतं. दोन मध्यम पोळ्यांत चाळीस. वाटीभर शिजलेल्या भातात पंचवीस-तीस. सकाळचा दूध-साखरेचा चहा, त्यासोबत दोन बिस्किटं आणि दुपारी एक भाकरी इतक्यावरच दिवसाचा कोटा संपला. वरण, उसळ, केळं अजून ताटात यायचंच आहे. भारतीयांच्या जेवणातल्या सुमारे ६२ टक्के कॅलरी कर्बोदकांतून येतात, असं भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या मोठ्या देशव्यापी पाहणीत दिसलं आहे. कीटोमध्ये हेच प्रमाण पाच-दहा टक्क्यांवर आणायचं असतं. ‘भात सोडला, आता कीटो चालू आहे’ असं सांगणाऱ्यांपैकी जवळजवळ कुणाचंच कीटो चालू नसतं.

इतकं कमी कर्बोदक मिळालं की यकृत चरबीपासून कीटोन नावाचे छोटे रेणू बनवू लागतं आणि रक्तात सोडतं. हृदय, स्नायू आणि मेंदू ते जाळतात. यकृताला मात्र स्वतःच बनवलेले कीटोन वापरता येत नाहीत. स्वयंपाक करणारीने सगळ्यांना वाढावं आणि स्वतः उपाशी राहावं, तशातली गत.

याचा मेंदूशी संबंध काय?

मेंदूचं वजन शरीराच्या २ टक्के, पण विसावलेल्या शरीराच्या ऊर्जेतला जवळजवळ २० टक्के वाटा तो एकटा खातो. एरवी त्याचं इंधन म्हणजे ग्लुकोज, दिवसाला १०० ते १२० ग्रॅम. पूर्वी वाटायचं की मेंदूला ग्लुकोजखेरीज काही चालतच नाही. १९६७ मध्ये अमेरिकेत जॉर्ज केहिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वजन उतरवण्यासाठी पाच-सहा आठवडे उपाशी राहिलेल्या रुग्णांच्या मेंदूत जाणारं आणि मेंदूतून बाहेर येणारं रक्त तपासलं. मेंदूची बरीचशी गरज, जवळपास दोन-तृतीयांश, कीटोन भागवत होते. एरवी इतके दिवस उपाशी राहिलेल्या माणसाच्या मेंदूला साखर पुरवण्यासाठी अंगातले स्नायू वितळले असते.

आता म्हातारपणाकडे येऊ. अल्झायमर या स्मृतिभ्रंशाच्या आजाराच्या रुग्णांच्या मेंदूचं पेट स्कॅन (मेंदूचा कुठला भाग किती इंधन वापरतो हे दाखवणारी तपासणी) केलं तर कानशिलाच्या वरच्या आणि मागच्या भागांत ग्लुकोजचा वापर कमी झालेला दिसतो. लक्षणं ठळक होण्याच्या बरीच वर्षं आधीपासून ही घट सुरू असते असं मानतात. कॅनडात क्युबेकच्या शेरब्रूक विद्यापीठात स्टीफन क्युनेन यांच्या गटाने त्याच भागांत कीटोनचा वापर किती होतो ते मोजलं. तो शाबूत होता. घरात गॅसची शेगडी मंद जळते आहे, पण कोपऱ्यातला रॉकेलचा स्टोव्ह अजून पेटतोय, असं चित्र त्यातून उभं राहिलं. मग स्टोव्हला रॉकेल का घालू नये? सगळा कीटो-आणि-मेंदू विचार या एका प्रश्नातून निघाला आहे.

यावर आक्षेपही आहे. मेलेल्या पेशीला इंधन लागत नाही. तेव्हा ग्लुकोज कमी लागणं हा आजाराचा परिणाम असेल, कारण नसेल. ‘पेशी मेल्या असत्या तर त्यांनी कीटोनही घेतले नसते’ असं क्युनेन यांच्या बाजूने उत्तर देता येतं. मला ते उत्तर पटतं. पण कल्पना पटली म्हणून रुग्णाला गुण येतोच असं नाही, हे याच विषयात एकदा ठळकपणे दिसलं आहे. ते पुढे येईलच.

कीटोने स्मृतिभ्रंश बरा होतो का?

नाही. थांबतो असंही अजून सिद्ध झालेलं नाही.

मग माणसांवरच्या प्रयोगांत दिसलं तरी काय?

प्रयोग छोटे आहेत. बातमीत आकडा नसतो, म्हणून आकड्यांसकट सांगते.

अमेरिकेतल्या कॅन्ससमध्ये अल्झायमरच्या १५ रुग्णांना तीन महिने कीटो आहार दिला, सोबत एमसीटी तेल, म्हणजे झटपट कीटोन बनवणाऱ्या स्निग्धाम्लांचं वेगळं काढलेलं तेल. दहा जणांनी तो पूर्ण केला. त्यांची बौद्धिक चाचणी सरासरी ४ गुणांनी सुधारली आणि आहार सोडल्यावर महिन्याभरात पुन्हा खाली आली. तुलनेला दुसरा गट नव्हता, त्यामुळे यावर मोठी इमारत बांधता येत नाही. माझं लक्ष गेलं ते सोडून गेलेल्यांकडे. आजार मध्यम टप्प्यावर गेलेले रुग्ण गळाले, आणि दिलेलं कारण होतं काळजी घेणाऱ्यावर पडणारा भार. हे वाक्य मी शोधनिबंधात वाचलं तेव्हा मला आपल्याकडच्या ओट्यापाशी उभ्या असलेल्या कितीतरी बायका आठवल्या. घरातल्या पाचांसाठी एक स्वयंपाक आणि सासऱ्यांसाठी ग्रॅममध्ये मोजून दुसरा.

न्यूझीलंडमध्ये हॅमिल्टन शहरातल्या वायकाटो रुग्णालयात मॅथ्यू फिलिप्स यांनी २६ अल्झायमर रुग्णांवर जास्त नीट आखलेला प्रयोग केला. तो २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. प्रत्येकाने १२ आठवडे कीटो आणि १२ आठवडे कमी स्निग्धतेचा नेहमीचा आहार घेतला, मध्ये काही आठवडे मोकळे. २६ पैकी २१ जणांनी कीटोचा टप्पा पूर्ण केला. रोजची कामं आणि जगण्याची गुणवत्ता कीटोच्या काळात स्पष्टपणे सुधारली. स्मरणशक्तीच्या चाचणीतले गुणही वर गेले, पण तो फरक योगायोगाचा नाही असं म्हणण्याइतका मोठा नव्हता.

शेरब्रूकच्या गटाने वेगळी वाट धरली. जेवण बदलायचंच नाही, फक्त रोज ३० ग्रॅम एमसीटी दुधासारख्या पेयातून द्यायचं. स्मरणशक्ती किंचित घसरलेल्या, पण अजून स्मृतिभ्रंश न झालेल्या लोकांनी ते सहा महिने घेतलं. स्कॅनमध्ये मेंदूतला कीटोनचा वापर दुपटीहून जास्त वाढलेला दिसला आणि प्रसंग आठवणं, शब्द सुचणं अशा काही चाचण्यांत सुधारणा झाली. अनेकांना पोट बिघडल्यामुळे मध्येच सोडावं लागलं.

आता मघाशी म्हटलं तो फटका. ‘अक्झोना’ नावाची एमसीटीची पावडर २००९ पासून अमेरिकेत अल्झायमरच्या रुग्णांसाठी ‘वैद्यकीय अन्न’ म्हणून विकली जात होती. २०१३ च्या शेवटी तिथल्या अन्न व औषध प्रशासनाने ती या वर्गात बसत नाही असं कंपनीला कळवलं. कंपनीने नव्या मिश्रणाची मोठी चाचणी केली, ४१३ रुग्ण, २६ आठवडे. फायदा दिसला नाही. मिश्रण बदलल्यामुळे रक्तात पुरेसे कीटोन चढलेच नाहीत, असं स्पष्टीकरण नंतर दिलं गेलं, आणि ते खरंही असेल. पण या विषयातला रुग्णसंख्येने मोठा प्रयोग हाच, आणि तोच नापास झाला. व्हिडिओंमध्ये हा भाग येत नाही.

फिट येणाऱ्या मुलांना कीटो देतात म्हणे. तोच हा?

मूळ तेच. फिटी उपासाने कमी होतात हे जुनं निरीक्षण. उपाशी न ठेवता तोच परिणाम साधावा म्हणून १९२१ मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिक या रुग्णालयातल्या रसेल वाइल्डर यांनी हा आहार सुचवला आणि त्याला नावही दिलं. १९३८ मध्ये फेनिटॉइन हे फिटींवरचं औषध आलं, गोळी देणं सोपं होतं, आहार मागे पडला. २००८ मध्ये लंडनमधल्या १४५ मुलांवरच्या चाचणीत कीटो घेणाऱ्यांपैकी ३८ टक्के मुलांच्या फिटी निम्म्याहून कमी झाल्या. न घेणाऱ्यांत ६ टक्के. दिल्लीच्या एम्समध्येही भारतीय मुलांवर याचा सौम्य प्रकार वापरून चांगले निष्कर्ष आले आहेत.

म्हणजे फिटींसाठी हा आहार ठाम पायावर उभा आहे. त्याची पुण्याई अल्झायमरच्या खात्यावर जमा करता येत नाही. शिवाय त्या मुलांचा आहार डॉक्टर आणि आहारतज्ज्ञ मिळून वजनकाट्यावर मोजून ठरवतात आणि वेळोवेळी रक्त तपासतात.

खोबऱ्याचं तेल रोज दोन चमचे दिलं तर? आम्ही कोकणातलेच, घरात असतंच.

या प्रश्नाचा उगम फ्लोरिडात आहे. मेरी न्यूपोर्ट या नवजात बालकांच्या डॉक्टर. त्यांच्या पतीला कमी वयात अल्झायमर झाला. २००८ मध्ये त्यांनी पतीला खोबऱ्याचं तेल द्यायला सुरुवात केली आणि त्यांना सुधारणा जाणवली. ती गोष्ट जगभर पसरली आणि फिरत फिरत तुमच्या कुटुंबाच्या ग्रुपवर आली. गोष्ट खोटी नाही, एका घराची आहे.

हिशेब मांडून बघू. झटपट कीटोन बनतात ते मुख्यतः दोन स्निग्धाम्लांपासून, कॅप्रिलिक आणि कॅप्रिक. खोबऱ्याच्या तेलात ही दोन्ही मिळून जेमतेम १३-१४ टक्के. जवळजवळ अर्धं तेल लॉरिक आम्लाचं, आणि ते बरंचसं इतर साध्या स्निग्धांसारखंच पचतं. शेरब्रूकच्या प्रयोगातले ३० ग्रॅम गाठायचे तर रोज सव्वादोनशे ग्रॅम तेल प्यावं लागेल. जवळजवळ दोन हजार कॅलरी, म्हणजे आजींच्या दिवसभराच्या जेवणाहून जास्त. दोन चमच्यांनी स्मरणशक्तीचं काही होणार नाही.

सोलकढीतलं नारळाचं दूध, माशाच्या आमटीतलं वाटण, अळूच्या फतफत्यावरचे खोबऱ्याचे काप खुशाल खाऊ द्या. ते औषध आहे असं मात्र समजू नका, आणि हृदयविकार असेल तर चमच्याने तेल पाजू नका.

बाटलीत मिळणारं एमसीटी तेल ही वेगळी वस्तू. त्यात ही दोन आम्लंच वेगळी काढलेली असतात. डॉक्टरांच्या संमतीने घ्यायचंच ठरलं तर पहिला आठवडा एक छोटा चमचा, तोही जेवणात मिसळून. रिकाम्या पोटी दोन मोठे चमचे घेणाऱ्या एका काकांचा सकाळचा फेरफटका पहिल्याच दिवशी अर्ध्या वाटेवरून मागे फिरला होता.

आई एकादशी, चतुर्थी, नवरात्र सगळं करते. तेही कीटोच झालं ना?

‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ हे आपल्या पूर्वजांनी उगाच म्हटलेलं नाही. साबुदाणा म्हणजे जवळपास शुद्ध पिष्ट. खिचडीत वर बटाटा, दुपारी वऱ्याचे तांदूळ, संध्याकाळी रताळ्याचा कीस आणि केळं. नेहमीच्या दिवसापेक्षा कर्बोदक जास्त. त्यातल्या त्यात दाण्याच्या कुटाची आमटी तेवढी बाजू सावरते.

निर्जळी किंवा फक्त पाण्यावरच्या उपासात कीटोन वाढतात हे खरं. पण सत्तरीपुढे तसा उपास म्हणजे चक्कर, पाण्याची कमतरता आणि पडण्याचा धोका. रात्री साडेसातला जेवून सकाळी आठला नाश्ता, इतकं अंतर निरोगी माणसाला चालतं. इन्सुलिन किंवा साखरेच्या गोळ्या चालू असतील तर तेही विचारूनच.

बाबांना मधुमेह आहे. त्यांना तर दुहेरी फायदा होईल?

सगळ्यात काळजी वाटते ती याच प्रश्नाची, म्हणून जरा सविस्तर.

मधुमेहामुळे स्मृतिभ्रंशाचा धोका वाढतो. कर्बोदक कमी केल्याने साखर उतरते. इथपर्यंत सगळं बरोबर. अडचण औषधांची आहे. ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन पूर्वीच्या जेवणाच्या हिशेबाने ठरवलेलं असतं. जेवणातून भाकरी-भात अचानक काढला आणि गोळी तीच राहिली तर साखर धोकादायकपणे खाली जाते. एका घरी मुलाने रविवारपासून वडिलांचं कीटो चालू केलं. बुधवारी पहाटे वडील घामाने चिंब, असंबद्ध बोलत होते. घरच्यांना वाटलं स्मृतिभ्रंश वाढला. नशिबाने सुनेने बोट टोचून बघितलं, साखर ५२ होती. म्हाताऱ्या माणसाची साखर वारंवार अशी कोसळली तर मेंदूचं नुकसानच होतं. ज्यासाठी खटाटोप केला तेच हातचं जातं.

दुसरा धोका जास्त फसवा आहे. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्या लघवीतून साखर बाहेर टाकतात. स्वस्त झाल्यापासून त्या घरोघरी पोचल्या आहेत, आणि हृदय किंवा मूत्रपिंडाच्या आजारासाठी मधुमेह नसलेल्यांनाही देतात. या गोळ्या आणि कीटो आहार एकत्र आले तर रक्त आम्लधर्मी होऊ शकतं, कीटोअॅसिडोसिस होतो, आणि यात ग्लुकोमीटरवरची साखर फारशी वाढलेली दिसतही नाही. उलट्या, पोटदुखी, धाप, गुंगी अशी लक्षणं दिसली की मीटरवर विश्वास ठेवून बसू नका, थेट रुग्णालय गाठा आणि कोणती गोळी चालू आहे व आहार काय आहे हे दोन्ही सांगा.

रक्तदाबाच्या गोळ्यांचंही तेच. पहिल्या काही दिवसांत शरीरातून पाणी आणि मीठ जातं, दाब उतरतो, रात्री लघवीला उठताना माणूस पडतो. पुढचं खुब्याच्या हाडाचं दुखणं सगळ्यांना माहीत आहे.

म्हणून मधुमेही माणसाचा आहार बदलायचा तर आधी औषधांचा कागद घेऊन डॉक्टरांकडे जा.

वजन कमी झालं तर चांगलंच की.

चाळिशीत, हो. पंचाहत्तरीत वजन उतरतं तेव्हा चरबीबरोबर मांडीचे आणि दंडाचे स्नायूही जातात, आणि या वयात ते सहजी परत येत नाहीत. स्मृतिभ्रंशात तर वजन आपसूकच घटत जातं. कीटोमध्ये भूक मरते. तरुण माणसाला तो फायदा वाटतो, ज्यांना जेवणाची आठवण करून द्यावी लागते त्यांच्यासाठी ती आपत्ती. सदरा खांद्यावरून घसरायला लागला, अंगठी सैल झाली, की समजा गणित चुकतंय. वजनाच्या दर किलोमागे रोज १ ते १.२ ग्रॅम प्रथिनं हा या वयाचा माझा पहिला आग्रह असतो; मूत्रपिंडाचा आजार असेल तर तेवढा आकडा डॉक्टर ठरवतील. आपल्या ताटात तेवढी प्रथिनं कधीच नसतात, कीटो असो वा नसो.

शाकाहारी घरात जमतं का?

जमतं, पण कंटाळा येतो. वरण जातं, उसळी जातात, कारण डाळीत निम्म्याहून जास्त कर्बोदकच असतं. दुधाच्या एका मोठ्या पेल्यात १२ ग्रॅम. उरतं काय? परतलेली मेथी किंवा चुका, भरपूर तेलातलं भरलं वांगं (बेसन न घालता), पनीर, साईचं दही, काकडीची दाण्याचं कूट घातलेली कोशिंबीर, ओल्या नारळाची चटणी, तीळ, जवस आणि कारळ्याची चटणी. एक दिवस मस्त वाटतं. नवव्या दिवशी माणूस शेजारच्या घरातल्या फोडणीच्या भाताचा वास घेत बसतो.

मासे-अंडी खाणाऱ्यांना सोपं जातं. बांगडा रवा न लावता तव्यावर परता. बद्धकोष्ठता दोघांनाही होते. पाणी आणि इसबगोल जवळ ठेवा.

कोलेस्टेरॉल वाढतं का?

काहींचं वाढतं, काहींचं बरंच वाढतं, आणि कुणाचं वाढेल हे आधी सांगता येत नाही. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या स्मृतिभ्रंशावरच्या आयोगाने २०२४ मध्ये मध्यम वयातलं वाढलेलं एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल, टाळता येण्याजोग्या १४ कारणांत घातलं आहे. तेव्हा मेंदूसाठी म्हणून तुपाचे गोळे खायचे आणि एलडीएल वाढवायचं, यात काही अर्थ नाही. सुरू करण्याआधी आणि तीन महिन्यांनी तपासा.

सुरू करण्याआधी काय तपासायचं?

पहिली तपासणी म्हणजे हा स्मृतिभ्रंश आहे तरी का.

विसरभोळेपणाची कितीतरी कारणं उपचाराने सुधारतात. ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता आपल्या शाकाहारी घरांत इतकी आहे की ती आधी बघावी. वर्षानुवर्षं मधुमेहाची मेटफॉर्मिन गोळी घेणाऱ्यांत ती आणखी वाढते. थायरॉइड मंदावलेला असतो. नैराश्य असतं, विशेषतः जोडीदार गेल्यानंतर. झोपेच्या गोळ्या असतात. काही आठवड्यांपूर्वी न्हाणीघरात पाय घसरलेला असतो आणि कवटीच्या आत हळूहळू रक्त साचत असतं. आणि कान! ऐकूच येत नाही म्हणून उत्तर देत नाहीत, आणि आपण म्हणतो विसरायला लागले. यातलं काहीही तेला-तुपाने बरं होणार नाही. बाबांना कीटोवर ठेवून ब-१२ तपासायचं राहून गेलेलं मी पाहिलं आहे.

त्यापुढे यकृत, मूत्रपिंड, चरबी, साखर, वजन. स्वादुपिंडाला पूर्वी सूज आलेली असेल, पित्ताशयाचा त्रास असेल, यकृत निकामी होत असेल, पहिल्या प्रकारचा मधुमेह असेल, गिळताना ठसका लागत असेल, तर हा विषय घरच्या घरी काढूच नका.

कीटोन घरी मोजता येतात?

येतात. लघवीची पट्टी स्वस्त पण ढोबळ. बोटातल्या रक्ताचं यंत्र अचूक पण पट्ट्या महाग. आहारातून येणारी पातळी ०.५ ते ३ मिलिमोल प्रतिलिटर असते. रोज सकाळी आजोबांचं बोट टोचून तक्ते भरणाऱ्या घरांना मी विचारते, हे कुणासाठी चाललंय?

पार्किन्सनमध्ये उपयोग होतो?

फिलिप्स यांनीच २०१८ मध्ये ४७ रुग्णांवर आठ आठवडे तुलना केली, कीटो विरुद्ध कमी स्निग्धतेचा आहार. सुधारणा दोन्ही गटांत झाली. थकवा, वेदना, लघवीच्या तक्रारी अशा हालचालीशी संबंध नसलेल्या त्रासांत कीटोचा गट पुढे होता. कंप आणि ताठरपणा यांत दोघांत खास फरक नव्हता. काहींचा कंप सुरुवातीला वाढलाही.

उंदरांचं आयुष्य वाढलं असं वाचलं.

हो, २०१७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या दोन गटांनी एकाच वेळी हे दाखवलं, आणि म्हाताऱ्या उंदरांची स्मृतीही बरी राहिली. त्यातल्या एका गटाने उंदरांना आठवडाभर कीटो, आठवडाभर साधा आहार असं आलटून पालटून दिलं होतं. २०२४ मध्ये दुसऱ्या अभ्यासात सलग कीटोमुळे उंदरांच्या अवयवांत म्हाताऱ्या पेशी साचताना दिसल्या, मध्ये खंड दिला की कमी झाल्या. पिंजऱ्यातला उंदीर रक्तदाबाची गोळी घेत नाही आणि नातवाच्या मुंजीला जेवायलाही जात नाही.

मी बावन्न वर्षांची आहे, आईला अल्झायमर आहे. आतापासून कीटो करू का?

भीती समजते. पण निरोगी माणसाने वर्षानुवर्षं कीटो केल्याने स्मृतिभ्रंश टळतो असं दाखवणारा एकही दीर्घ प्रयोग झालेला नाही. खरं तर नुसत्या आहाराने तो टळतो हे कुठल्याच आहाराला नीट दाखवता आलेलं नाही. खास मेंदूसाठी आखलेल्या ‘माइंड’ आहाराच्या ६०४ जणांवरच्या तीन वर्षांच्या चाचणीतही २०२३ मध्ये ठोस फरक निघाला नाही.

जास्त आशा वाटते ती मिश्र उपायांची. फिनलंडमध्ये ६० ते ७७ वयाच्या १२६० लोकांपैकी निम्म्यांना दोन वर्षं व्यायाम, चांगला आहार, बौद्धिक सराव आणि रक्तदाब-साखरेवर लक्ष असं सगळं एकत्र दिलं, तेव्हा त्यांची आकलनशक्ती तुलनेतल्या गटापेक्षा चांगली राहिली. अमेरिकेतल्या दोन हजारांवर लोकांच्या अशाच चाचणीचे निष्कर्ष २०२५ मध्ये त्याच दिशेने आले. लॅन्सेट आयोगाच्या हिशेबाने जगातल्या ४५ टक्के स्मृतिभ्रंशाचा संबंध त्या १४ कारणांशी जोडता येतो. त्यात रक्तदाब, मधुमेह, बहिरेपण, अधू नजर, एकटेपणा, बैठं आयुष्य, तंबाखू, हवेचं प्रदूषण आहे. पोळी नाही.

साखर आणि मैदा कमी करा, भात अर्ध्यावर आणा, उसळ आणि भाजी दुप्पट घ्या, आठवड्यातून दोनदा वजनं उचला. एवढं केलं तर कीटो न करताही साखर, पोट आणि रक्तदाब तिन्ही ताळ्यावर यायला मदत होते.

आई भाकरीच मागते. दोन महिने दिली नाही. द्यावी का?

द्या.

एका आजींच्या घरी मी गेले होते, वय ८१. घरच्यांनी कीटो काटेकोर पाळलेलं, वही भरलेली, वजन सहा किलोने घटलेलं. पलंगावरची चादर बदलायला मदत करताना उशीच्या अभ्र्यात ग्लुकोज बिस्किटांचा उघडा पुडा सापडला. कामवाल्या मावशींकडून दहा-दहा रुपयांना मागवत होत्या. आजी स्वतःच्या नातीचं नाव विसरत होत्या, पण मावशी किती वाजता येतात आणि पैसे कुठल्या डब्यात ठेवलेत हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

आम्ही वही बंद केली. दुपारी एक ज्वारीची भाकरी, त्यावर लोणी, सोबत मेथी आणि घट्ट पिठलं, रात्री अंडं नाहीतर पनीर. चहात साखर अर्धा चमचा, कारण पूर्ण बंद केली असती तर पुडा पुन्हा आला असता. पुढच्या महिन्यात वजनकाटा पाऊण किलो वर सरकला. नातीला त्या अजूनही तिच्या आत्याच्याच नावाने हाक मारतात.